इस्लामची ओळख करून देणारी मुलांची पुस्तकं : पेटीत काय ठेवायचं, काय नाही

प्रश्न चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेचा आहे. तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग, 34 मुलं, त्यातली 11 तडवी आणि पिंजारी या मुस्लिम समाजांच्या घरांतली. वर्गाच्या वाचनपेटीसाठी 3000 रुपये मिळालेत. त्या विचारतात : "इस्लामची ओळख करून देणारी मराठी पुस्तकं घ्यायची आहेत. शोधलं तर एक तर इंग्रजी मिळतात, नाहीतर प्रचारकी वाटतात. कोणती घेऊ? आणि कुणी आक्षेप घेतला तर काय सांगू?"

ताई, मी यावल तालुक्यात 26 वर्षं मराठी शाळेत शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं रविवारी पुस्तकांची पेटी घेऊन गावोगाव फिरले. आमचं घर पिंजाऱ्याचं. आजोबा कापूस पिंजायची धनुकली घेऊन दारोदार गाद्या भरायचे. घरात बोलणं मराठी, नमाज अरबीत आणि लग्नाच्या पत्रिका उर्दूत, ज्या माझ्या वडिलांना स्वतःलाच वाचता येत नसत. तेव्हा तुमच्या पेटीकडे मी दोन्ही बाजूंनी बघते : मास्तरीणबाई म्हणून, आणि त्या 11 मुलांपैकी एक म्हणून.

पुस्तकांची नावं विचारण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. इस्लाम शिकवणारं पुस्तक वेगळं आणि इस्लामची ओळख करून देणारं वेगळं. शिकवण्याचं काम गावात आधीच चालू आहे. तुमच्या वर्गातली मुस्लिम मुलं सकाळी शाळेआधी नाहीतर मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजनंतर, मक्तबमध्ये, म्हणजे धर्मशिक्षणाच्या वर्गात, जात असतील. तिथे आधी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पातळ पुस्तक. मग अम्मा पारा, म्हणजे कुरआनचा तिसावा भाग, ज्यात छोट्या सूरा, म्हणजे अध्याय, आहेत. त्यानंतर नाजिरा, म्हणजे बघून कुरआन वाचणं. सोबत प्रश्नोत्तरांची पुस्तकं असतात. मुफ्ती किफायतुल्लाह देहलवींचं चार भागांतलं 'तालीमुल इस्लाम' आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. "तुम कौन हो?" असा प्रश्न आणि त्याचं पाठ करायचं उत्तर. त्या पुस्तकांना त्यांची जागा आहे. ती वर्गाच्या पेटीत आणू नका. जी मुलं मक्तबला जातात त्यांना त्यात नवं काही नाही, आणि जी जात नाहीत त्यांना ते पाठांतर आपलं वाटणार नाही.

देशाच्या कायद्याचंही तेच सांगणं आहे. संविधानाच्या 28व्या कलमाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. धर्माविषयी माहिती देणारं, गोष्ट सांगणारं पुस्तक ठेवायला मात्र काही अडचण नाही. ईदची गोष्ट वाचली म्हणून कुणाला नमाज शिकवली असं होत नाही.

आता निवड. मी वर्षानुवर्षं एकच कसोटी लावत आले. पुस्तक सतरंजीवर सगळ्या मुलांत मोठ्याने वाचायचं, आणि ज्याच्या घराबद्दल ते पुस्तक आहे त्या मुलाकडे बघत राहायचं. ते मूल पुढे सरकलं तर पुस्तक ठेवायचं. मान खाली घालून सतरंजीचे दोरे उपसायला लागलं तर परत करायचं, मग चित्रं कितीही देखणी असोत.

हे मी शिकले ते एका तडवी पोराकडून. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, चौथीतला मुलगा. मी मोठ्या हौसेने ईदचं एक रंगीत पुस्तक आणलं होतं. त्यातला अब्बा पठाणी सूट घालून, अम्मी जरीच्या दुपट्ट्यात, घराला कमानी, खिडकीतून मिनार, आकाशात चांद-तारा, आणि सगळे जण "आदाब, आदाब" म्हणतात. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आमच्यात तर मायला मायच म्हणता. हे आमचं नाही, हे सिनेमातल्यांचं आहे." त्याचे वडील केळीच्या बागेत मजुरीला जायचे. ईदच्या दिवशी घरी शिरखुर्मा व्हायचा, पण सोबत वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरीही असायची. यावल, रावेर, चोपड्याच्या पट्ट्यातले तडवी भिल्ल आदिवासीही आहेत आणि मुसलमानही. त्यांची बोली वेगळी, लग्नातली गाणी वेगळी. लखनौचं घर दाखवणारं पुस्तक त्या मुलाला सांगतं की तू पुरता मुसलमान नाहीस. आणि शेजारी बसलेल्या पाटलाच्या पोराला सांगतं की मुसलमान म्हणजे कुणीतरी लांबचे लोक. दोन्ही नुकसान एकाच पुस्तकाने होतं. तुमच्या 11 मुलांत तडवीही आहेत आणि पिंजारीही, म्हणजे त्यांचीही घरं आपसांत सारखी नाहीत. हे आधी तुम्हीच लक्षात ठेवा.

म्हणून सुरुवात गोष्टीपासून करा, धर्माच्या माहितीपासून नको. ज्या गोष्टीत एखादी सलमा किंवा जावेद आहे, त्याला सायकल हवी आहे किंवा त्याची बकरी हरवली आहे, आणि मधूनच घरात कुणाचा तरी रोजा आहे, अशी गोष्ट दहा माहितीपुस्तकांच्या बरोबरीची. प्रेमचंदांची 'ईदगाह' अजूनही चालते. तीन पैसे घेऊन जत्रेला गेलेला हामिद मिठाई, खेळणी सोडून आजीसाठी चिमटा आणतो, कारण भाकरी भाजताना तिची बोटं पोळतात. ती वाचताना माझा वर्ग दरवेळी गप्प झालाय. पण एकटी 'ईदगाह' ठेवू नका. तेवढीच ठेवली तर मुलांच्या डोक्यात मुसलमान म्हणजे नेहमी गरीब आणि बिचारा, एवढंच बसतं. तिच्या जोडीला आजच्या काळातली, हसवणारी एखादी गोष्ट हवीच.

माहितीची पुस्तकं घ्याल तेव्हा शब्द तपासा. दुकानात उभ्या उभ्या पाच मिनिटांत होतं हे काम. 'मोहम्मदी धर्म' असा शब्द दिसला की पुस्तक खाली ठेवा. मुसलमान पैगंबरांची पूजा करत नाहीत. 'पैगंबरांचा अवतार झाला' हेही चूक. पैगंबर किंवा प्रेषित म्हणजे निरोप आणणारा माणूस, देव नव्हे. 'इस्लामचे संस्थापक' हा शब्द मराठी पुस्तकांत सर्रास येतो, पण कुठल्याही मुस्लिम आजीला तो खटकेल, कारण तिच्या श्रद्धेप्रमाणे आदमपासून इब्राहिम, मूसा, ईसा असे पैगंबर येतच राहिले आणि मुहम्मद त्यांतले शेवटचे. शिक्षक म्हणून तुम्ही "मुसलमान असं मानतात" हे तीन शब्द जोडून वाचलंत की पुष्कळ गाठी सुटतात. दोन्हीकडच्या मुलांना त्याने बरं वाटतं.

चित्रांची गोष्ट जास्त नाजूक. पैगंबरांचं चित्र मुलांच्या पुस्तकात असता कामा नये, आणि बहुतेक घरांत त्यांच्या साथीदारांचे चेहरेही चालत नाहीत. चांगल्या पुस्तकांत चित्रकार वाट काढतो : उंटांचा काफिला, तंबू, खजुराची झाडं, पाठमोरी माणसं, गुहेतून येणारा उजेड. एकदा मी स्वस्तात मिळाला म्हणून जगातल्या धर्मांचा एक जाडजूड इंग्रजी सचित्र ग्रंथ पेटीत टाकला. आत कुठल्याशा जुन्या चित्राची प्रत छापली होती. एका मुलाचे वडील संध्याकाळी घरी आले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि जाताना हळूच म्हणाले, "आपा, ते एक पान बघा जरा." मी मुसलमान असून मला दिसलं नव्हतं, कारण मी ग्रंथ पूर्ण चाळलाच नव्हता. तेव्हापासून नियम : पेटीत जाणारं प्रत्येक पान आधी माझ्या डोळ्यांखालून.

अरबी आयती, म्हणजे कुरआनची वचनं, छापलेलं पुस्तक फिरत्या पेटीसाठी घेऊ नका. लोक हे सांगत नाहीत आणि मग गैरसमज होतो. कुरआनची आयत ज्या कागदावर आहे तो कागद जमिनीवर ठेवत नाहीत, त्यावर पाय पडू देत नाहीत, रद्दीत घालत नाहीत. कुरआनची पानं फाटली तर आमच्याकडे "शहीद झाली" म्हणतात. ती जमा करून जमिनीत पुरतात किंवा वाहत्या पाण्यात सोडतात. आता वर्गाच्या पेटीतलं पुस्तक दप्तरात डब्याखाली दबणार, सतरंजीवर उघडं पडणार, पावसात भिजणार. त्यात आयत असली तर बिचाऱ्या मुलाला नसता घोर. मराठी अर्थ असलेली पुस्तकं घ्या. मूळ कुरआन शाळेत ठेवायचाच असेल तर कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, आणि तोही मागेल त्यालाच.

पैगंबरांचं चरित्र मुलांना कसं सांगावं? बालपणापासून. जन्म अंदाजे 570 सालचा, मक्केतला. वडील जन्माआधीच गेले, आई सहा वर्षांचे असताना, मग आजोबाही गेले आणि काका अबू तालिब यांनी सांभाळलं. लहानपणी त्यांनी शेळ्या-मेंढ्या राखल्या. मेंढपाळाचं पोर आपल्या वर्गात असतंच, ते लगेच कान टवकारतं. माझी सगळ्यात आवडती गोष्ट मक्केतल्या काबा या पवित्र वास्तूच्या काळ्या दगडाची. काबा नव्याने बांधताना तो दगड जागेवर कुणी बसवायचा यावरून टोळ्यांत जुंपली. तलवारी निघायची वेळ आली. तेव्हा मुहम्मदांनी चादर अंथरली, दगड तिच्यावर ठेवला आणि सगळ्या टोळ्यांच्या प्रमुखांना म्हणाले, एकेक टोक धरा आणि मिळून उचला. मी वर्गात खरोखर चादर आणि वरवंटा घेऊन हे करून घ्यायचे. गणपतीत मूर्ती कुणी उचलायची यावर भांडणाऱ्या पोरांना दुसरं काही समजवावं लागत नाही.

बिलाल यांची गोष्टही शोधा. गुलामगिरीतून सुटलेला काळा माणूस, आणि पहिली अजान देण्याचा मान त्याला. रोज पाच वेळा कानावर पडणाऱ्या आवाजामागे अशी गोष्ट आहे हे मोठ्यांनाही ठाऊक नसतं. उलट एक गोष्ट जवळजवळ प्रत्येक मुलांच्या पुस्तकात सापडेल : एक म्हातारी रोज पैगंबरांच्या अंगावर कचरा टाकायची आणि ती आजारी पडली तेव्हा ते तिला भेटायला गेले. गोष्ट गोड आहे, मीही सांगायचे. पुढे आमच्या मौलानांनी कान उपटले की हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या, प्रमाण संग्रहांत तिला आधार नाही. तेव्हापासून सोडली. इतक्या खऱ्या गोष्टी असताना ऐकीव कशाला?

सणांची पुस्तकं सर्वांत जास्त मिळतात आणि त्यांतच सर्वांत जास्त घोळ असतात. दरवर्षी एखादा मुलगा विचारतो, "मॅडम, दिवाळी थंडीतच येते, मग रमजान कधी उन्हाळ्यात, कधी पावसात कसा?" याचं उत्तर ज्या पुस्तकात आहे ते डोळे मिटून घ्या. नसेल तर भिंतीवरची दिनदर्शिका काढा. रमजान ईद 2023 साली 22 एप्रिलला होती, 2024 साली 11 एप्रिलला, 2025 साली 31 मार्चला. मुलांना वजाबाकी करू द्या. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणजे सौर वर्षापेक्षा अकराएक दिवसांनी लहान. आपल्या मराठी पंचांगात हा फरक अधिक महिना घालून भरून काढतात, म्हणून दिवाळी जागची हलत नाही. हिजरी, म्हणजे इस्लामी, गणनेत अधिक महिना नाही, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरत साधारण 33 वर्षांनी परत तिथेच येतो. गणित, भूगोल आणि शेजाऱ्याचा सण, तिन्ही एका तासात. मे महिन्यातल्या 45 अंशांच्या जळगावी उन्हात रोजा धरणं म्हणजे काय, हे मग पोरं आपणहून बोलतात.

बकरी ईदच्या पुस्तकात देवाच्या आज्ञेवरून मुलाचा बळी द्यायला निघालेले इब्राहिम आणि त्यांचा मुलगा इस्माईल यांची गोष्ट आहे का बघा, आणि मांसाचे तीन वाटे करून एक गरिबांना, एक नातेवाईक-शेजाऱ्यांना, एक घरी असा रिवाज सांगितलाय का तेही बघा. नुसता बोकड रंगवलेलं पुस्तक वर्गात चिडवाचिडवीला निमित्त देतं. मोहरमच्या पानावर 'आनंदाचा सण' लिहिलेलं असेल तर त्या पुस्तकाच्या लेखकाने काही विचारलंच नाही समजा. मोहरम हा हिजरी वर्षाचा पहिला महिना, आणि त्याची दहावी तारीख पैगंबरांचे नातू इमाम हुसैन यांच्या करबलातल्या हौतात्म्याची, सन 680 मधली. ताबूत बघायला आपल्याकडे सगळं गाव जमतं, सवारीपुढे नारळ फोडणारे हिंदूही असतात, ते छानच आहे. पण त्या दिवशी शुभेच्छा द्यायच्या नसतात, एवढं मुलांना कळावं.

आता खान्देशाचं. इस्लाम म्हटलं की पुस्तकं थेट मक्केला जातात नाहीतर दिल्लीला. आपल्या मुलांना तापीकाठ कुणी दाखवत नाही. शिरपूर तालुक्यात थाळनेरला फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत. मलिक राजाने चौदाव्या शतकाच्या अखेरीस तिथून राज्य सुरू केलं, आणि 1601 साली अकबराने असीरगड घेईपर्यंत त्याच्या घराण्याने खान्देशावर राज्य केलं. बऱ्हाणपूर हे शहरच सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने वसलं. तिथल्या जामा मशिदीत फारुकींच्या काळातला शिलालेख आहे, अरबीबरोबर संस्कृतातलाही. मशिदीत संस्कृत! मी भुसावळहून रेल्वेने पोरं नेली होती. एका मुलाने ते नागरी अक्षर बोट फिरवत वाचायचा प्रयत्न केला आणि ओरडला, "मॅडम, हे तर आपलंच आहे." यावर मराठीत मुलांसाठी लिहिलेलं चांगलं पुस्तक माझ्या हाती लागलं नाही. म्हणून मुलांकडूनच लिहून घेतलं : सोळा पानं, रेघी वहीचे कागद, दोरा. पेटीतलं सर्वांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक तेच. तुम्हाला थाळनेर जवळ आहे. एक सहल करा आणि तुमचं पुस्तक तुम्हीच काढा.

तुमच्या स्वतःच्या वाचनासाठीही लांब जायला नको. अमळनेरला शिकवणाऱ्या साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिलंय, श्रद्धेने आणि सोप्या भाषेत. आणि 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात ज्या विनोबांची गीतेवरची प्रवचनं गुरुजींनी उतरवून घेतली, त्याच विनोबांनी अरबी शिकून कुरआनातली वचनं निवडून त्यांचं सार काढलं. आठवी-नववीच्या मुलांना यातले उतारे वाचून दाखवता येतात. तुमच्या वर्गाला नाही, ते जड होईल.

3000 रुपयांचं म्हणाल तर सगळे इस्लामवर घालवू नका. निम्म्यात गोष्टींची आठ-दहा पुस्तकं येतील. नॅशनल बुक ट्रस्ट आणि तूलिका यांची मराठी आणि द्विभाषिक पुस्तकं स्वस्त आणि नीट छापलेली असतात. सूचीपत्र मागवा आणि त्यात मुस्लिम मुलं असलेल्या गोष्टी स्वतः शोधा. प्रथम बुक्सच्या स्टोरीव्हीवर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट आहेत, छापूनही घेता येतात. एखाद-दोन माहितीपर पुस्तकं, वर सांगितलेल्या शब्दांच्या गाळणीतून काढून. मुंबईच्या इस्लामिक मराठी पब्लिकेशन्स ट्रस्टची पुस्तकं मराठीत मिळतात, पण ती श्रद्धावंतांनी श्रद्धेचा संदेश पोचवण्यासाठी काढलेली आहेत. एखादं तुमच्या संदर्भासाठी ठेवा, पेटीत घालायची नाहीत. उर्दू वाचणारी मुलं असतील तर मालेगाव किंवा बऱ्हाणपूरच्या दुकानांत उर्दू बालसाहित्य मिळतं. पण आधी विचारा. तडवी, पिंजारी मुलांना उर्दू येतच असेल असं धरून चालू नका. माझं हे आयुष्यभराचं दुखणं आहे : दर नव्या अधिकाऱ्याने मला विचारलं, "तुम्ही उर्दू शाळेत का नाही शिकवत?"

आक्षेप येतील, दोन्हीकडून. मला एका पालकाने विचारलं होतं, "आमच्या पोराला नमाज शिकवता का?" मी वाद घातला नाही. पुस्तक हातात दिलं, म्हटलं, घरी न्या, दोन दिवसांनी सांगा. परत आणताना ते म्हणाले, "आमच्या आईनेपण ऐकलं, तिला त्या चिमट्यावाल्या पोराची गोष्ट आवडली." सगळेच असे वागतील असं नाही. म्हणून खरेदीआधी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत यादी ठेवा आणि इतिवृत्तात नोंद घ्या. त्याच पेटीत दिवाळी, नाताळ, बुद्धपौर्णिमा आणि भिल्लांच्या होळीची पुस्तकंही असू द्या. नुसती एकाच धर्माची पेटी म्हटली की संशय येतोच, आणि तो चुकीचाही नाही. दुसरीकडून मुस्लिम पालक म्हणतील, "किस्से-कहाण्या कशाला, दीन शिकवा." त्यांना सांगा, दीन, म्हणजे धर्म, मक्तबमध्ये शिकवतात, ते काम माझं नाही. मी मुलांना वाचायला शिकवते. कुरआनचा पहिला उतरलेला शब्दच 'इकरा', म्हणजे वाच, हे मी त्यांना ऐकवायचे. त्यावर सहसा कुणी बोलायचं नाही.

शेवटचं, आणि हे हसण्यावारी नेऊ नका : पुस्तकं आली की पहिल्याच दिवशी जाड प्लास्टिकची कव्हरं घाला. आपल्याकडची पोरं शाळा सुटल्यावर थेट बागेत जातात, आणि केळीच्या चिकाचा डाग एकदा पानावर पडला की तो कशानेच निघत नाही.